ड्रॅग रेसिंग: पावसाने क्वालिफायिंग लांबलं की या चुका टाळा

सरळ ट्रॅकवर दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी पळवायच्या या खेळाचं, ड्रॅग रेसिंगचं, आणि पावसाचं वैर जुनं आहे. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेने आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे भरवली. ती पावसाने मध्येच थांबली आणि शेवटच्या लढती नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ घ्याव्या लागल्या. २०२३ मध्येही तसंच झालं, अमेरिकेतल्याच एपिंगची स्पर्धा पावसात अडकली आणि पुढच्या आठवड्यात ब्रिस्टलला पूर्ण झाली. सर्किट रेसिंगमध्ये पावसाचे टायर चढवून गाड्या पळवता येतात, इथे ती सोय नाही. इथल्या गुळगुळीत, म्हणजे स्लिक, टायरला पाणी बाजूला सारायला खाचाच नसतात, आणि ट्रॅकवर मेहनतीने बसवलेला रबराचा आणि चिकट द्रावणाचा थर पाण्याने बिघडतो. चार थेंब पडले तरी गाड्या थांबवाव्या लागतात.

पाऊस कधी येईल ते कुणाच्याच हातात नसतं. तो थांबल्यावर कुणाची गाडी कधी आणि कुठल्या लेनमधून सोडायची, हे मात्र टॉवरमध्ये बसलेली आयोजकांची माणसं ठरवतात. पोटतिडकीने भांडावं लागतं ते तिथे. क्वालिफायिंगमध्ये प्रत्येक गाडीची वेळ घेऊन क्रमवारी लागते. १६ गाड्यांच्या नेहमीच्या प्रो, म्हणजे व्यावसायिक, क्रमवारीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी पडते आणि आठव्याची नवव्याशी. पहिल्या राउंडमध्ये लेन निवडायचा हक्कही वर असलेल्याचा. म्हणजे क्वालिफायिंगच्या दिवशी झालेला अन्याय तिथेच संपत नाही, तो ‘हरला तो बाहेर’ अशा एलिमिनेशनच्या दिवशीही त्या ड्रायव्हरच्या मागे लागतो.

फक्त रन मोजणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच: कुणाला किती रन, म्हणजे ट्रॅकवरच्या किती फेऱ्या, मिळाल्या एवढंच बघणं. ‘प्रत्येकाला दोन रन मिळाले ना, मग तक्रार कसली?’ असं म्हटलं की विषय संपला असं आयोजकांना वाटतं. पण टॉप फ्युएल या सर्वात वेगवान गटाची (क्लासची) गाडी १,००० फूट चार सेकंदांच्या आत कापते, आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. एवढ्या बारीक हिशोबात भर दुपारी तापलेल्या ट्रॅकवरचा रन आणि ढग सरल्यावर गार हवेत मिळालेला रन एकाच मापाने मोजता येत नाहीत. गार, कोरडी हवा दाट असते आणि इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. दमट हवा मात्र, ऐकायला उलटं वाटलं तरी, कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी. पाऊस पडून गेल्यावर हवा गार होते म्हणून फायदा, दमट होते म्हणून थोडा तोटा, आणि ट्रॅक गारठून टायरची पकड गेली तर मोठा तोटा. हे सगळं तासाभरात बदलत असतं.

त्यामुळे वेळापत्रक नव्याने लावताना प्रश्न असा विचारावा: एका क्लासमधल्या सगळ्या गाड्या एकाच सलग वेळेत सुटतील का? दोन क्लासच्या हवेत फरक पडला तर चालतो, ते एकमेकांशी लढत नाहीत. एकाच क्लासचे अर्धे ड्रायव्हर संध्याकाळी सहाला आणि अर्धे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुटणार असतील, तर ते टाळण्यासाठी होईल ते करावं. क्लासची शेवटची जोडी सुटेपर्यंत कोरडा वेळ मिळेल असं दिसत नसेल, तर तो क्लास सुरूच करू नये. त्या वेळात कमी गाड्यांचा दुसरा क्लास उरकून घ्यावा.

अर्धवट सेशनचा निर्णय पाऊस आल्यावर घेणं

समजा एका क्लासमध्ये २० गाड्या आहेत आणि एलिमिनेशनमध्ये जागा १६. पहिलं सेशन, म्हणजे सगळ्यांना एकेक रन द्यायचा टप्पा, सुरू झालं, सहा जोड्या सुटल्या आणि सर आली. १२ जणांच्या हातात टाइम स्लिप, म्हणजे वेळेची चिठ्ठी, आहे, आठ गाड्या सुटायच्या रांगेत (स्टेजिंग लेनमध्ये) ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आता तीन वाटा उरतात. सेशन तिथेच संपवलं तर आठ जणांची एक संधी बुडते. सगळं सेशन रद्द केलं तर १२ जणांचा झालेला रन पाण्यात जातो. नायट्रोमिथेन इंधनावरच्या गाडीचं प्रत्येक रननंतर इंजिन उघडतात, पिस्टन तपासतात, क्लचच्या प्लेटा बदलतात, तो सगळा खर्च वाया. उरलेल्या आठांना दुसऱ्या दिवशी सोडलं तर त्यांची हवा वेगळी.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं सेशन असेल तर तिसरी वाट धरावी. आठांना थोडी चांगली किंवा वाईट हवा मिळेल, पण निदान प्रत्येकाच्या नावापुढे एक वेळ लागेल, आणि पुढच्या सेशनमध्ये सगळे पुन्हा एका हवेत येतील. मात्र उरलेल्यांचा क्रम आणि लेन आदल्या दिवशी होती तीच ठेवावी. आणि त्या आठांचा रन झाल्या झाल्या दुसरं सेशन पुकारू नये, नाहीतर बाकीचे रात्रभर गाडी तयार करून बसलेले आणि हे आठ जण घामाघूम होऊन इंजिन बांधताहेत, असं चित्र दिसतं.

शेवटचं सेशन अर्धवट राहिलं तर हिशोब वेगळा. तिथे आधीचा क्रम कसा लावला होता यावर सगळं अवलंबून. सगळ्यात मागे असलेला आधी आणि पहिल्या नंबरवरचा शेवटी, असा क्रम असेल तर त्यात एक संरक्षण आपोआप असतं. १७ ते २० नंबरवरच्या, म्हणजे बाहेर राहिलेल्या गाड्यांना संधी मिळून गेलेली असते. पावसाने अडकतात ते वरचे, आणि त्यांची जागा पक्कीच असते. फार तर पहिला नंबर मिळवायची संधी हुकते. अशा वेळी झालेले रन धरावेत. पण क्रम चिठ्ठ्या टाकून लावला असेल आणि बम्प स्पॉटच्या, म्हणजे आत येणाऱ्या शेवटच्या जागेच्या, आसपासची एखादी गाडी रांगेत उभीच राहिली असेल, तर सेशन पूर्ण करावं, नाहीतर सगळ्यांसाठी रद्द करावं. म्हणून आभाळ भरलेलं दिसलं की शेवटच्या सेशनला मागचा आधी हाच क्रम ठेवावा.

हे सगळं स्पर्धेच्या आधी कागदावर हवं, ड्रायव्हर मीटिंगमध्ये वाचून दाखवलेलं हवं. कारण पाऊस आल्यावर यादी सगळ्यांच्या समोर असते. कुठला निर्णय घेतला की कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, हे पिटमधल्या पोरालाही कळत असतं. त्यानंतर घेतलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पहिल्या जोडीवर ट्रॅकची परीक्षा

चांगल्या तयार ट्रॅकवर स्टार्टिंग लाइनच्या पुढे चालून बघा, बुटाचा तळ धरला जातो आणि पाऊल उचलताना चर्र असा आवाज येतो. पाऊस पडून ट्रॅक वाळवल्यावर त्याच जागी टाच फिरवली तर बूट गुळगुळीत फिरतो, आणि कधी कधी रबराची पातळ साल निघून तळाला चिकटते. वरून कोरडा दिसतो, पण आतून बसलेला नसतो.

अशा ट्रॅकवर सुटणारी पहिली जोडी पुढच्यांसाठी बळी जाते. तिचे टायर जागच्या जागी फिरतात, वेळ वाया जाते, आणि तिने घासलेल्या रबराचा फायदा पाचव्या-सहाव्या जोडीला होतो. मागचा आधी हा क्रम ठेवला तर हा फटका नेमका ज्यांना त्या रनची सर्वात जास्त गरज आहे त्यांनाच बसतो. उपाय सोपा आहे, पण घाईत विसरला जातो. वाळवण्याच्या यंत्रांनंतर टायर घासणारा ट्रॅक्टर पूर्ण लांबीवर फिरवावा, द्रावण पुन्हा फवारावं, आणि शक्य असेल तर ज्यांच्या वेळा क्वालिफायिंगमध्ये धरायच्या नाहीत अशा दोन-तीन गाड्या आधी सोडून बघाव्यात. अर्धा तास जातो. तो द्यावाच.

संध्याकाळी आणखी एक फसवी गोष्ट घडते. पाऊस नाही, आभाळ मोकळं, तरी ट्रॅकचं तापमान उतरत उतरत दवबिंदूच्या, म्हणजे दव पडू लागतं त्या तापमानाच्या, जवळ येतं आणि डोळ्यांना न दिसणारा ओलावा पृष्ठभागावर बसतो. दोन्ही आकडे दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंदवा. अंतर कमी होत चाललं असेल तर ‘अजून एक क्लास उरकून घेऊ’ हा मोह आवरा. इथे वेळेच्या हिशोबाच्या आधी ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न येतो.

दोन रनमधली विश्रांती कापणं

दोन दिवसांचा कार्यक्रम एका दिवसात बसवायचा म्हटलं की पहिली कात्री इथे चालते. कागदावर हे सगळ्यांना सारखंच लागू होतं, म्हणून कुणाला खटकत नाही. पण ज्या टीमकडे दहा माणसं, तयार सिलिंडर हेड आणि सुटं इंजिन आहे, ती पाऊण तासात गाडी पुन्हा रांगेत आणते. ज्या घरात नवरा गाडी चालवतो, बायको क्लच बांधते आणि मुलगा ट्रेलर ओढतो, त्यांना ते जमत नाही. ते एक तर पुढचा रन सोडतात, नाहीतर बेअरिंग न तपासताच सुटतात. मग इंजिन फुटून तेल सांडतं, ट्रॅक साफ करायला पुन्हा तास जातो, आणि वाचवलेला सगळा वेळ गेल्याजमा.

प्रत्येक क्लाससाठी दोन रनमधला किमान वेळ आधी जाहीर करावा आणि पावसातही तो मोडू नये. तेवढा वेळ नसेल तर एक अख्खं सेशन कमी करावं, आणि तेही सगळ्या क्लासचं. प्रेक्षक मोठ्या गाड्या बघायला आले आहेत म्हणून त्यांची सगळी सेशन घ्यायची आणि छोट्या क्लासना एका रनवर बोळवायचं, हे मला पटत नाही. त्यांनीही तेवढाच प्रवास केलेला असतो, प्रवेश शुल्क भरलेलं असतं.

लेनचा हिशोब सोडून देणं

सहसा एका सेशनला डावी, पुढच्याला उजवी अशी लेन बदलते. मधलं सेशन पावसात गेलं की छापील तक्त्याप्रमाणे पुढचं घेतलं जातं आणि काही गाड्यांना दोन्ही वेळा डावीच लेन येते. पावसानंतर दोन्ही लेन कधीच सारख्या वाळत नाहीत, एका बाजूला स्टँडची सावली असते, एकीकडे उतार असतो. म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि खरंच झालेल्या रनची लेन बघून पुढची ठरवा.

गणिताने वेळ दुरुस्त करणं

हवेचा दाब, तापमान, आर्द्रता घालून सगळ्यांच्या वेळा ‘समान’ करू, अशी सूचना दर वेळी कुणीतरी करतं. उंचीवरच्या ट्रॅकसाठी असे आकडे वापरले जातात हे खरं. कोलोरॅडोतला बँडिमियर ट्रॅक सुमारे ५,८०० फूट उंचीवर होता, आणि तिथे ठरावीक क्लासच्या इंडेक्समध्ये, म्हणजे क्लाससाठी ठरवून दिलेल्या वेळेत, फरक धरला जायचा. पण ते गणित हवेचं आहे, ट्रॅकच्या पकडीचं नाही. शिवाय सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र) असलेल्या आणि नसलेल्या इंजिनांवर हवेचा परिणाम वेगळा होतो. टाइम स्लिपवर छापलेली वेळ तीच खरी धरावी.

टीमच्या बाजूने होणाऱ्या चुका

सगळा दोष टॉवरवर ढकलूनही चालणार नाही. अंदाज पावसाचा असताना पहिल्या रनला ‘बघू या गाडी कशी जाते’ म्हणून अर्ध्या ट्रॅकवर थ्रॉटल सोडणारे ड्रायव्हर मी दर मोसमात बघतो. पुढचं सेशन होईलच असं धरून चालू नका. पहिल्याच रनला गाडी शेवटच्या रेषेपर्यंत सरळ जाईल असा नरम सेटअप लावा आणि वेळ नोंदवून ठेवा. वेळ अगदी सारखी आली तर वेग बघून क्रम ठरतो, म्हणून जिंकल्यासारखं वाटलं तरी रेषेच्या आधी पाय उचलू नका.

दुसरं, थांबलेल्या वेळात सकाळचाच सेटअप तसाच ठेवणं. पुन्हा बोलावणं आलं की स्वतःच्या वेदर स्टेशनचे आकडे नव्याने घ्या, टायरमधली हवा पुन्हा मोजा, आणि परवानगी असेल तर एकाने ट्रॅकवर चालून यावं.

आणि तक्रार करायची असेल तर ती सेशन सुरू व्हायच्या आधी करा, लेखी. किती वाजता बोलावलं, कितीला सुटलो, कुठली लेन, ट्रॅकचं तापमान किती, एवढं वहीत लिहिलेलं असलं की टॉवरमधला माणूसही बसून ऐकतो. निकाल लागल्यावर केलेली तीच तक्रार, तेच आकडे घेऊन केली तरी, हरलेल्या माणसाची तक्रार म्हणून बाजूला ठेवली जाते.