कॅमकॉर्डरच्या टेपा डीव्हीडीवर घेताय? या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आत्याने 2004च्या नवरात्राची डीव्हीडी लावली आणि दोन मिनिटांत विचारलं, "अरे, माझ्या शालूचे काठ कुठे गेले?" काठ नव्हतेच. जरतार असायला हवी तिथे बारीक चौकोन थरथरत होते आणि गरब्याच्या फेरीने वेग घेतला की बायकांचे चेहरेही त्यांत विरघळत होते. टेपला दोष द्यावा, तर तीच मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरची छोटी डिजिटल टेप) कॅमेऱ्यात घालून टीव्हीला जोडल्यावर चित्र स्वच्छ. दुकानदाराने तासा-तासाच्या तीन टेपा एका डिस्कमध्ये कोंबल्या होत्या. "एकातच बसवा हो" असं सांगणारा मीच, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

कोंबाकोंबीचा हिशेब साधा आहे. मिनीडीव्हीवर चित्रासाठी सेकंदाला 25 मेगाबिट लागतात, म्हणजे तासाभराची फाइल साधारण 13 जीबी होते. साध्या डीव्हीडीत जागा 4.7 जीबी. (कॉम्प्युटर ती 4.38 दाखवतो. डिस्क खोटी नसते, मोजायची पद्धत वेगळी.) एक तास घातला तर चित्राला 8 मेगाबिट आरामात मिळतात. दोन तास घातले तर पाचाच्या आसपास, आणि तीन घातले तर आवाज धरून जेमतेम साडेतीन.

साडेतीनात आजोबा झोपाळ्यावर बसून बोलताना बरे दिसतील. गरबा दिसणार नाही. डीव्हीडीचं एमपेग-2, म्हणजे चित्र दाबून लहान करायची पद्धत, जागा वाचवतं ते आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून. गरब्यात सगळंच बदलतं: घेर, आरसे, टिपऱ्या, मागची गर्दी. त्यात रात्रीचं शूटिंग. उजेड कमी पडला की कॅमेरा सिग्नल ताणतो आणि चित्रावर दाणे नाचायला लागतात. चित्र दाबणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे एन्कोडरला, ते दाणेही हालचालच वाटतात, मग निम्मे बिट दाण्यांवर उधळले जातात आणि चेहऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून रात्रीच्या टेपेवर एन्कोड करण्याआधी हलका नॉइज फिल्टर मारा. हलकाच, नाहीतर माणसं मेणाची दिसतात. आणि एका डिस्कवर एकच तास. वरची मर्यादा 9.8 मेगाबिट असली तरी तिथवर जाऊ नका, घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये 192 किंवा 256 किलोबिटवर ठेवा. न दाबलेला पीसीएम आवाज दीड मेगाबिट खातो, आणि ढोल तसाही कॅमेऱ्याच्या माइकमध्ये फाटलेलाच असतो.

दुसरी चूक टेप उतरवतानाच होते. कॅमेऱ्याला यूएसबी दिसली की लोक तीच जोडतात. पुष्कळ मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ती फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी असते. पिवळी वायरही नको, तिच्यात डिजिटल चित्र अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं. फायरवायर वापरा (सोनीच्या कॅमेऱ्यावर आय-लिंक लिहिलेलं असतं). त्यातून टेपेवरचे आकडे जसेच्या तसे उतरतात. जुना डेस्कटॉप आणि विनडीव्हीसारखा छोटा प्रोग्रॅम पुरतो. टेप जुनी अॅनालॉग हाय-8 असेल तर एस-व्हिडिओची वायर घ्या. कुणाकडे डिजिटल-8 कॅमेरा असेल तर आणखी छान, त्यातली बरीच मॉडेल हाय-8 वाजवून फायरवायरमधून बाहेर देतात.

उतरवलेली डीव्ही फाइल मधेच डब्ल्यूएमव्ही किंवा डिव्हएक्ससारख्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये बदलू नका. काटछाट डीव्हीतच करायची, दाबायचं फक्त एकदा, शेवटी. डीव्हीडीचा मेनू बनवणारे काही प्रोग्रॅम तयार एमपेग-2 पुन्हा दाबतात. डीव्हीडीस्टाइलरमध्ये असाल तर व्हिडिओच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट 'कॉपी' आहे ना, हे पाहून घ्या.

आता माझी स्वतःची चूक. तीच टेप मी घरी नव्याने उतरवली. मॉनिटरवर फिरणाऱ्या घागऱ्यांच्या कडांना कंगव्याचे दात दिसले, म्हणून मी ते दात घालवणाऱ्या डीइंटरलेसच्या पर्यायावर खूण केली. मॉनिटरवर चित्र गुळगुळीत झालं, टीव्हीवर गरबा धक्के खात चालायला लागला. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या चित्रांची, म्हणजे हालचालीचे 50 टप्पे. त्यातले निम्मे मी माझ्या हाताने फेकले होते. टीव्हीसाठी डीव्हीडी करताना ते दात तसेच राहू द्या.

मात्र अर्ध्या चित्रांचा, म्हणजे फील्डांचा, क्रम बरोबर हवा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, अॅनालॉग कार्डावरून घेतलेल्या फाइलीत बहुधा वरचं. क्रम उलटा लागला तर प्रत्येक नाचणारी पुढे-मागे थरथरते, जणू सगळ्यांनाच हुडहुडी भरलीय. सगळ्यात वेगवान फेरीचं एक मिनिट पुसता येणाऱ्या डिस्कवर बर्न करा आणि टीव्हीवर पाहा. सगळं सुरुवातीलाच कळतं. प्रोग्रॅम उघडल्याबरोबर अमेरिकी एनटीएससी पद्धत सोडून पाल, म्हणजे 720 बाय 576, निवडायलाही विसरू नका.

चौकोन दिसले की सगळा दोष डीव्हीडीवर टाकू नये. मूळ टेप वाजवतानाच चौकोनांचे आडवे पट्टे येत असतील तर कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड मळलंय, क्लीनिंग कॅसेट फिरवा. टेप स्वच्छ वाजते आणि डिस्कवर हालचाल वाढली की चौकोन येतात, तर बिट कमी पडताहेत. आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपांवर पांढरी बुरशी धरते. तशी टेप कॅमेऱ्यात घालूच नका, हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या टेपाही बिघडतील.

व्हीएचएसच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते, ती कापून चित्र ताणू नका. तिच्यावर काळी पट्टी टाकली की झालं.

बर्नचा वेग 8 एक्सच्या वर नको, नंतर व्हेरिफाय करा (म्हणजे नीट लिहिलं गेलंय का ते तपासा), डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. मूळ टेपा आणि डीव्ही फाइली फेकायच्या नाहीत. डीव्हीडी ही नातेवाइकांना वाटायची प्रत आहे.

मी शेवटी तीन डिस्क केल्या. दर तासाला उठावं लागतं म्हणून आत्या कुरकुरली. मग तिची फेरी आली, काठ नीट दिसले, तशी ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. म्हणाली, "अरे, हा शालू नव्हेच. ही तर माझी नारायणपेठी!"