शेवटच्या सीझनचा अंदाज कसा बांधावा: आधी पानं मोजा

मी मुद्रितशोधक. लोकांचे काना-मात्रा-वेलांट्या तपासण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे नाशिकच्या भाच्याने, ओंकारने, अमेरिकी सुपरहिरो मालिका ‘अ‍ॅरो’ पाहायला लावली तेव्हा हिरव्या टोपड्यातल्या तिच्या नायकापेक्षा, ऑलिव्हर क्वीनपेक्षा, माझं लक्ष मागच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांच्या तारखांवर जास्त. ‘मावशी, तू मालिका बघतेस की प्रुफं?’ असं तो म्हणायचा. मार्च २०१९मध्ये आठवा सीझन शेवटचा असं जाहीर झालं आणि शेवट कसा होणार यावर आमची पैज लागली. हरेल त्याने मिसळ द्यायची. पुण्याची की नाशिकची, यावरून आधीच एक भांडण झालं, ते सोडून देते.

त्या पैजेतून शिकले ते इथे लिहिते. कुठल्याही सुपरहिरो मालिकेचा शेवट जवळ आला की करून बघा. ‘अ‍ॅरो’ आणि तिची भावंडं (‘द फ्लॅश’सारख्या त्याच विश्वातल्या मालिका) पाहायची राहिली असतील तर मात्र इथेच थांबा, कारण पुढे सगळं फोडलेलं आहे.

पहिली गोष्ट, एक वही घ्या. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरते. अंदाज शाईने लिहायचा, शेजारी तारीख घालायची, खाडाखोड करायची नाही. मत बदललं तर खाली नव्याने लिहायचं. ‘मी तर तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य ओंकारच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की वहीशिवाय त्याच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं. आणि निकाल कशावरून ठरणार तेही आधीच लिहा. आम्ही ते एका ठिकाणी लिहिलं नाही, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आता खरं काम. कोण मरणार, कोण परत येणार या गप्पांना बसण्याआधी पानं मोजा. छापखान्यात एक फर्मा बहुधा सोळा पानांचा असतो. किती फर्मे उरलेत हे कळलं की लेखक आता नवा खून पाडणार की आवराआवर करणार, ते मजकूर न वाचताही सांगता येतं. मालिकेचंही तसंच. ‘अ‍ॅरो’चे पहिले सहा सीझन २३ भागांचे, सातवा २२चा. आठव्याला दिले फक्त १०. त्यातून आधीच ठरलेला खर्च वजा करा. एक भाग ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या पाच मालिकांच्या एकत्र कथेतला चौथा तुकडा, म्हणजे तो घरचा नव्हेच. एक भाग ऑलिव्हरची मुलगी मिया आणि कॅनरी नावाच्या दोन नायिका यांच्या नव्या मालिकेची चाचणी म्हणून खर्ची पडणार, अशी बातमी सीझन सुरू व्हायच्या आधीच आली होती. (ती मालिका पुढे निघालीच नाही.) शेवटचा भाग निरोपाचा. उरले सात, तेही क्रायसिसच्या आधी.

सात भागांत नवा खलनायक उभा राहत नाही. त्याला नाव द्यायचं, दुखणं द्यायचं, एकदा जिंकवायचं, मग हरवायचं, या सगळ्याला ‘अ‍ॅरो’ने नेहमी वीस-बावीस भाग घेतले. म्हणून मी सीझन सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलं: ‘नवा शत्रू नाही. जुन्या जागांची फेरी.’ ऑक्टोबरात पहिल्याच भागाचं नाव आलं ‘स्टार्लिंग सिटी’, म्हणजे शहराचं पहिल्या सीझनमधलं जुनं नाव. दुसरा भाग हाँगकाँगला. सातव्याचं नाव ‘पर्गेटरी’ (मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ती जागा), आणि गोष्ट गेली लियान यू बेटावर, जिथे ऑलिव्हर सुरुवातीला अडकून पडला होता. त्या बेटाच्या नावाचा हाच अर्थ २०१२च्या पहिल्या भागात सांगितला होता. ओंकारने ‘मोठा शत्रू येणार, कोण ते गुपित’ असं लिहिलं होतं. अर्धी मिसळ तिथेच माझी झाली.

यानंतर भाकितं. सुपरहिरो मालिकेत कुणीतरी भविष्य सांगतंच. ते ऐकू नका, वाचा, आणि तेही प्रुफासारखं, एकेका शब्दावर बोट ठेवून. डिसेंबर २०१८च्या ‘एल्सवर्ल्ड्स’ या आधीच्या एकत्र कथेमध्ये बॅरी (म्हणजे फ्लॅश) आणि कारा (म्हणजे सुपरगर्ल) यांचे जीव वाचावेत म्हणून ऑलिव्हरने मॉनिटर या विश्वांवर नजर ठेवणाऱ्या बलाढ्य पात्राशी सौदा केला. किंमत काय, ते पडद्यावर सांगितलं नाही. सातव्या सीझनच्या शेवटी मॉनिटर वसुलीला दारात आला आणि ऑलिव्हरचा मृत्यू दिसतो म्हणाला. मग ‘द फ्लॅश’च्या सहाव्या सीझनमध्ये त्याच मॉनिटरने बॅरीच्या घरात सांगितलं, फ्लॅशला मरावं लागेल.

आता बघा, ‘बॅरी अ‍ॅलन’ आणि ‘फ्लॅश’ हे एकच शब्द आहेत का? क्रायसिसचं मूळ कॉमिक १९८५मध्ये सुरू झालं, १२ अंकांचं, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांचं. त्याच्या आठव्या अंकात बॅरी जातो. ज्यांनी ते वाचलं होतं त्यांनी डोळे मिटून बॅरीवर पैसे लावले. प्रत्यक्षात मेला तो दुसऱ्या, समांतर पृथ्वीवरचा फ्लॅश, जॉन वेस्ली शिप या नटाने रंगवलेला. या शिपनेच १९९०च्या मालिकेत फ्लॅश रंगवला होता. बॅरीऐवजी तो धावला. भाकीत अक्षरशः खरं ठरलं आणि नायकही वाचला. मला हे आधी कळायला हवं होतं, कारण एल्सवर्ल्ड्समध्ये त्याला मुद्दाम आणून ठेवलं होतं. पण मीही वहीत ‘बॅरी’च लिहिलं. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईने ही चूक करावी! त्या पानाला मी अजून टाचणी लावून ठेवली आहे.

थोडक्यात, मूळ कॉमिक वाचा जरूर, पण ते घराचा नकाशा म्हणून नाही. कुठल्या खोल्या आहेत ते त्यावरून कळतं. कोण कुठे झोपणार ते मालिकावाले आपल्या मर्जीने ठरवतात, आणि नटांचे करार बघून.

पडद्यावरच्या तारखाही टिपा. ‘द फ्लॅश’च्या पहिल्याच भागात, ऑक्टोबर २०१४मध्ये, भविष्यातलं एक वर्तमानपत्र दिसतं. फ्लॅश संकटात नाहीसा झाल्याची बातमी आणि तारीख २५ एप्रिल २०२४. पाचव्या सीझनच्या शेवटी तेच पान बदललं आणि तारीख झाली १० डिसेंबर २०१९. मी लगेच भिंतीवरचं कालनिर्णय उलटून पाहिलं, मंगळवार. ‘द फ्लॅश’ मंगळवारीच लागायची. क्रायसिसचा तिसरा भाग त्याच दिवशी लागला. असं काही हाती लागलं की जो आनंद होतो तो पन्नाशीनंतर फारसा कशाने होत नाही.

मुलाखतींना मात्र फार भाव देऊ नका. लेखक खोटं बोलतात म्हणून नव्हे, पुष्कळदा त्यांचं त्यांनाच ठरलेलं नसतं म्हणून. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात, ऑक्टोबर २०१५मध्ये, सहा महिन्यांनंतरची एक कबर दाखवली आणि ऑलिव्हर तिथे उभा. कोणाची, ते एप्रिल २०१६मध्ये कळलं: ऑलिव्हरची जुनी प्रेयसी आणि सहकारी लॉरेल लान्सची. मधले सहा महिने ओंकार अंगठ्या, कोटाची बटणं, डोळ्यांतलं पाणी असले पुरावे गोळा करत होता. पुढे मालिकेच्या कर्त्यांनीच मान्य केलं की ते दृश्य चित्रित करताना आत कोण हे नक्की नव्हतं. म्हणजे जो पुरावा त्यांनी ठेवलाच नव्हता तो आमचा मुलगा भिंग लावून शोधत होता. तेव्हापासून माझा नियम असा: एकाच दृश्यातली खूण वहीत पेन्सिलीने. ती दुसऱ्यांदा आली, तीही वेगळ्या भागात, की मग शाईने.

उधारीची यादी करा, हे मला सर्वांत आवडतं. प्रत्येक मालिका काही देणी अंगावर घेते. ऑलिव्हरची बायको फेलिसिटी सातव्या सीझनच्या शेवटी, २०४० सालात, मॉनिटरबरोबर ऑलिव्हरला भेटायला निघून गेली. ही उधारी फेडल्याशिवाय दुकान बंद होऊच शकत नाही, ती भूमिका करणाऱ्या एमिली बेट रिकर्ड्सने मालिका सोडली असली तरी. त्यामुळे ती शेवटच्या भागात येणार हे लिहायला हिंमत लागली नाही. भेट कुठे होणार हे जास्त मजेचं होतं. तिसऱ्या सीझनमध्ये एक छोटं दृश्य आहे. ऑलिव्हर लपूनछपून शहरात आलेला असताना क्वीन कंपनीच्या ऑफिसात फेलिसिटीला प्रथम पाहतो, तिला पत्ताही नसतो. शेवटची भेट त्याच ऑफिसात झाली. मी ‘बेटावर’ लिहिलं होतं. चूक.

आणि सगळ्यांत मोठी चूक अशी. ऑलिव्हर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्यात अंदाज कसला? मी लिहिलं, ‘चौथा तुकडा, अगदी शेवटी.’ ८ डिसेंबरच्या रविवारी अमेरिकेत पहिला तुकडा लागला, आपल्याकडे सोमवारची सकाळ, आणि पहिल्याच तासात तो गेला. मॉनिटरलासुद्धा हा मृत्यू अपेक्षित नव्हता! ओंकारचा फोन आला तेव्हा मी डब्यासाठी भेंडी चिरत होते. तो काही बोललाच नाही, मीही नाही. मग कळलं की तो स्पेक्टर नावाची अलौकिक शक्ती होऊन परत येतो आणि चौथ्या तुकड्यात पुन्हा जातो. तो तुकडा तिकडे १४ जानेवारीच्या रात्रीचा, आपल्याकडे १५ची सकाळ, म्हणजे संक्रांत. तिळगूळ हातात आणि नायकाचा दुसरा मृत्यू समोर. ओंकार म्हणाला, ‘मावशी, तुझं उत्तर बरोबर धरायचं की चूक?’ मी म्हटलं, दोनदा मेला म्हणजे मला दोन संधी. त्याने मानलं नाही.

यातून निघालेला नियम असा की ‘कोण’पेक्षा ‘कधी’ लिहा, आणि ‘कधी’च्या पुढे ‘मग उरलेली पानं कशाला’ हा प्रश्न लिहा. नायक नवव्या भागाच्या आधी जाणार असेल तर शेवटचा भाग अंत्यविधीचा असणार, आणि अंत्यविधीला सगळे येतात. ऑलिव्हरचा मित्र टॉमी, आई मोइरा, लॉरेलचे वडील क्वेंटिन लान्स हे मेलेले लोकसुद्धा आले, कारण क्रायसिसने विश्वच नव्याने घडवलं होतं. हे जमाखर्चाने कळण्यासारखं होतं. मला कळलं नाही.

राहिली ती निकाल न लिहिलेली पैज. ऑलिव्हरचा जुना साथीदार जॉन डिगल हा ग्रीन लँटर्न, म्हणजे अंगठीतून शक्ती मिळणारा सुपरहिरो, होणार, असं ओंकारने लिहिलं होतं आणि पुरावे भक्कम होते. एल्सवर्ल्ड्समध्ये तो दुसरा फ्लॅश डिगलला विचारतो की तुझी अंगठी कुठे आहे. सातव्या सीझनमध्ये डिगलच्या सावत्र वडिलांचं आडनाव निघालं स्टुअर्ट, आणि जॉन स्टुअर्ट हा कॉमिकमधला ग्रीन लँटर्न. दोन वेगळ्या जागी खुणा, शाईने लिहायच्या लायकीच्या. शेवटच्या भागात, २८ जानेवारी २०२०ला, आकाशातून काहीतरी कोसळलं, डिगलने पेटी उघडली, चेहऱ्यावर हिरवा उजेड. अंगठी दिसली नाही. पुढे ‘द फ्लॅश’च्या आठव्या सीझनमध्ये डिगलने ती पेटी नाकारली, कुटुंबासाठी.

ओंकारचं म्हणणं, पेटी तर आली ना. माझं म्हणणं, वहीत ‘होणार’ लिहिलंय, ‘मिळणार’ नाही. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा ती चाळीस पानी वही पुन्हा निघाली. मिसळीचं बिल शेवटी त्याच्या आईने दिलं.