पहिली-दुसरीतल्या मुलांचं वाचन, लेखन आणि गणित घरी कसं पक्कं करावं

संध्याकाळी मुलाला समोर बसवायचं, वही उघडायची आणि 'चल, काढ एक ते शंभर' म्हणायचं, याला आपल्याकडे 'अभ्यास घेणं' म्हणतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ते जमेल तितकं टाळा. शाळेत एका बाईंसमोर तीस-चाळीस मुलं असतात. घरी एका मुलासाठी मोकळे दोन कान असतात, हातात घेऊन मोजता येतील अशा वस्तू असतात आणि दिवसभराच्या गप्पा असतात. शाळेला जे देता येत नाही नेमकं ते घरी मिळू शकतं, म्हणून घरी दुसरी शाळा भरवण्यात अर्थ नाही. रोज वीसेक मिनिटं पुरतात. फक्त ती मराठी लिपीत आणि मराठी संख्यांमध्ये मुलं जिथे अडखळतात तिथे खर्च व्हावीत.

पायरी १ : मूल कुठे आहे ते आधी बघा

इयत्तेवरून अंदाज बांधू नका. 'प्रथम' या संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून देशभरातल्या गावांत ज्या पद्धतीने वाचन तपासतं, ती घरीही सहज करता येते. आधी पाचसहा सुटी अक्षरं वाचायला द्या, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे मूल थांबतं, तिथून सुरुवात करायची. मजकूर मात्र आधी न पाहिलेला हवा. पाठ्यपुस्तकातला धडा मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो, डोळे पानावर नसले तरी ती तो 'वाचतात'.

गणितासाठी दोन अंकी संख्या मधूनच दाखवा, ओळीने नको. सरकारच्या २०२१ मधल्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं लक्ष्य ठेवलं आहे. आपलं मूल साधारण कुठे आहे हे कळायला याचा उपयोग होतो. शेजारच्या पोराशी तुलना करण्यासाठी हे आकडे वापरू नका.

पायरी २ : रोज मोठ्याने वाचून दाखवा

मूल स्वतः वाचायला लागलं तरी हे बंद करू नका. जेवणानंतर किंवा झोपताना दहा मिनिटं मांडीवर पुस्तक घ्या आणि ओळीखाली बोट फिरवत वाचा. दोन-तीन ठिकाणी थांबून 'आता काय करेल गं ती?' एवढं विचारा. गोष्ट संपल्यावर मात्र प्रश्नोत्तरं नकोत. तात्पर्य विचारलं की गोष्टीचा धडा होतो. तेच पुस्तक सातव्यांदा मागितलं तर सातव्यांदा वाचा. पाठ झालेली गोष्ट मूल पानावरच्या शब्दांशी जुळवून बघत असतं, आणि बरीच मुलं तिथूनच वाचायला लागतात.

पुस्तकं विकतच आणली पाहिजेत असं नाही. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत आणि पातळीनुसार लावलेली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणारं त्यांचं 'किशोर' मासिक जरा मोठ्या मुलांसाठी आहे, पण वाचून दाखवायला चांगलं.

घरात आजी-आजोबांना वाचता येत नसेल तरी काही बिघडत नाही. त्यांनी गोष्ट सांगावी आणि नातवाने त्यांना पिशवीवरचं, एसटीवरच्या पाटीवरचं वाचून दाखवावं. आणि घरची बोली अहिराणी असो, वऱ्हाडी असो की मालवणी, गोष्ट त्याच बोलीत सांगा. 'असं नाही, शुद्ध बोल' म्हणून मुलाचं वाक्य मध्येच तोडलं की ते पुढच्या वेळी लहान वाक्य बोलतं, आणि तिसऱ्या वेळी बोलतच नाही. मूल इंग्रजी शाळेत असलं तरी घरचं वाचन मराठीत चालू द्या. गोष्ट समजून घ्यायची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेतही कामाला येते.

पायरी ३ : अक्षरं गटाने शिकवा

'अ अननसाचा' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळी मुळाक्षरं संपवून मग शब्द, या क्रमात मुलाला कित्येक महिने एकही शब्द वाचायला मिळत नाही. आपल्याकडचा जुना 'ग म भ न' क्रम याहून शहाणा आहे. या चारही अक्षरांना शेवटी उभा दांडा आहे, त्यामुळे हाताला वळण सारखं लागतं आणि त्याच अक्षरांतून 'नग', 'मन', 'गगन', 'गमन' असे शब्दही होतात. असेच चार-पाच अक्षरांचे गट करा आणि प्रत्येक गटातून लगेच शब्द बनवा. घर, नळ, बस, मगर, फणस हे बिनकान्याचे. मग एक काना आणला की पान, गाजर, काका, मामा, बाबा हे सगळे घरात येतात.

अक्षर दाखवताना आवाज सांगा, चित्राचं नाव नको. 'ब बदकाचा, स सशाचा' एवढंच घोकलेलं मूल 'बस' समोर आल्यावर 'बदक, ससा' म्हणतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. 'ब… स… बस' असं आवाज जोडून दाखवा आणि दर वेळी दोन आवाजांतलं अंतर कमी करत न्या.

गोंधळाच्या जोड्या तर ठरलेल्याच आहेत : भ-म, ध-घ, थ-य. या तिन्हींची खूण एकच आहे. म, घ आणि य यांची शिरोरेषा सलग जाते. भ, ध आणि थ यांची तुटते. हे एकदा बोट ठेवून दाखवलं, आणि एखादं वर्तमानपत्र पुढ्यात टाकून 'तुटक्या टोपीची अक्षरं' शोधायला लावली, की बराचसा गुंता सुटतो. 'ख' आणि 'रव' हा पुढचा गुंता, पण तो अर्थाने सुटतो. 'आई, मला रवा दे' म्हणजे खायला दे नव्हे, हे मुलाला चांगलं ठाऊक असतं.

बाराखडी पाठ आहे म्हणजे येते, असं धरून चालू नका. 'मो' एकटा दाखवा. बरीच मुलं ओठांतल्या ओठांत म, मा, मि, मी करत तिथवर पोचतात. मग उलटसुलट सराव घ्या. एकच काना वेगवेगळ्या अक्षरांना लावा : का, ना, सा, ता. पहिल्या वेलांटीला जास्त वेळ द्या. 'दिवा' या शब्दात ती दिसते 'द'च्या आधी आणि ऐकू येते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला हा अन्यायच वाटतो! ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मात्र आत्ता नकोत. ते मोठ्यांचेही चुकतात.

पायरी ४ : लिहिण्याआधी हात तयार करा

मटार सोलणं, गवार मोडणं, कणकेचे साप करणं, कात्रीने कागद कापणं, ठिपक्यांची रांगोळी. बोटांना बळ यातून येतं, पाच पानं 'अ' गिरवून येत नाही. रांगोळीचा आणखी एक फायदा म्हणजे ठिपके मोजावे लागतात आणि रेघ नेमकी कुठून कुठे न्यायची हे डोळ्यांना कळतं. नंतर पाटी, मग दुरेघी वही. अक्षर आधी आणि शिरोरेषा शेवटी, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण उलटी लागली की मोडायला जड जाते. पाच-सहा वर्षांचं मूल ३ चा ६ करतं किंवा अक्षर उलटं काढतं, ते या वयात नेहमीचं आहे.

शुद्धलेखनाचं एक पान उतरवून काढणं म्हणजे लेखन नव्हे, ती नक्कल झाली. स्वतःच्या मनातलं लिहायची सोपी सुरुवात अशी : मुलाने एक वाक्य बोलावं, तुम्ही ते त्याच्याच शब्दांत लिहावं आणि त्याने ते वाचावं. 'मन्या मांजरीने दूध सांडलं आणि आई मला ओरडली.' स्वतःचं बोलणं कागदावर बघितलं की वाचायचा कंटाळा येत नाही. पुढे वाण्याची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, मामाच्या वाढदिवसाचं कार्ड, अशी खरी कामं सोपवा. यादीत 'दुद' लिहिलं तर आधी दूध आणा. त्याने आवाज ऐकून लिहिलं आहे, आणि या वयात तेच हवं. एका वेळी एकच चूक दाखवा, तीही लाल पेनाने नको.

पायरी ५ : मराठी संख्यांची उलटी चाल समजावा

घरच्या मदतीची सगळ्यात जास्त गरज इथे असते. मराठीत संख्या म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. 'पंचाहत्तर' ऐकून मूल ५७ लिहितं, कारण कानावर आधी पाच पडलेले असतात. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. नावात पन्नास ऐकू येतात आणि संख्या असते चाळिशीतली. त्यामुळे ४९ च्या जागी ५९ हमखास. आणि एकोणनव्वदपर्यंत पाळलेली ही रीत नव्याण्णवला अचानक सोडलेली!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेत 'फडणवीस' या आडनावाचं 'फडण दोन शून्य' करून कोटीही झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं : कन्नड, तेलुगूसारख्या भाषांत आधी दशक म्हणतात, तिथे मुलांना हा त्रास होत नाही. मला विचाराल तर 'एकवीस', 'बावीस' सोडायची काहीच गरज नाही. पण शिकताना 'वीस आणि एक, एकवीस' असा पूल बांधायला काय हरकत आहे? त्या वादात ही शिकवण्याची सोय हकनाक बदनाम झाली.

घरी असं करा. आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे सारखे कापलेले तुकडे शंभरेक जमवा. दहा-दहाच्या जुड्या मुलाकडूनच मोजून रबराने बांधून घ्या. दहा मोजून बांधले म्हणजेच एक दशक, हे हातांना कळणं महत्त्वाचं. आता 'सदतीस' म्हणा. मुलाने तीन जुड्या आणि सात सुट्या काड्या मांडायच्या आणि मोठ्याने म्हणायचं : 'तीस आणि सात, सदतीस'. मग लिहायचं. लिहिणं शेवटी. ३० चं एक कार्ड आणि ७ चं अरुंद कार्ड करा. सात शून्यावर ठेवला की ३७ दिसतात. 'तीनशे सात' लिहिताना ३००७ करणाऱ्या मुलांना पुढे हीच कार्डं उपयोगी पडतात. एकोणपन्नाससाठी पाच जुड्या मांडा, एक सोडा, त्यातली एक काडी काढून घ्या. 'पन्नासाला एक उणा' हे मग सांगावं लागत नाही.

पायरी ६ : बेरीज-वजाबाकी, पाढे आणि बाजार

बोटांवर मोजू द्या. ८ आणि ५ साठी आठ मनात धरून पुढे पाच बोटं उघडायला शिकवा, पुन्हा एकपासून मोजायला नको. सापशिडीत हेच शिकायला मिळतं. फक्त मूल सोंगटी उभी असलेलं घरच 'एक' म्हणून मोजत नाही ना, तेवढं बघा.

पूर्वी वाण्याकडे पाठवलं की सुटे पैसे मोजून आणावे लागत. आता आपण मोबाईल पुढे करतो, आवाज येतो आणि व्यवहार संपतो. मुलाला पैसे दिसतच नाहीत. एका डब्यात एक, दोन, पाचची नाणी आणि दहाच्या नोटा ठेवा. आठवड्यातून एकदा भाजी त्याला रोखीने घेऊ द्या. दहाची नोट म्हणजे दशकाची जुडीच. वजाबाकीत हातचा घेणं म्हणजे नोट मोडणं, हे भाजीवाल्या मावशी एका मिनिटात शिकवतात.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बोलण्यात मुद्दाम आणा. पाव किलो मटार, दीड वाटी तांदूळ, पावणेपाचची गाडी. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचेही पाढे म्हटले होते. तेवढं नको, पण पोळीची पाऊण खाल्ली म्हणजे किती उरली, हे सहा वर्षांचं मूल सांगू शकतं.

पाढे पाठ करण्याला नाकं मुरडायची हल्ली फॅशन आहे. ती मला पटत नाही. पाठ जरूर करावेत, आधी मांडून बघावेत एवढंच. पाच ताटल्यांत चार-चार बिस्किटं ठेवली की 'चार पंचे वीस' समोर दिसतं, आणि मग तालावर म्हणायलाही मजा येते.

पायरी ७ : वेळ आणि शाळेशी बोलणं

ठरलेली वेळ ठेवा, पण मूल पेंगत असेल तर सोडून द्या. टीव्ही चालू असताना बसू नका. आठवड्यातून एखाद-दोन दिवस सुटले तरी चालतं. रागावून घेतलेले दोन तास मात्र महागात पडतात. 'तुला साधं एवढंही येत नाही?' हे वाक्य घरातल्या कुणीच बोलायचं नाही, असं आधी मोठ्यांत ठरवा. ते बहुधा काका किंवा आत्याच पाहुणे आल्यावर बोलतात.

पालकसभेला गेलात की 'कसा आहे अभ्यासात?' असं विचारू नका, उत्तर 'बरा आहे' असंच मिळतं. 'कोणती अक्षरं चुकतात? काना-वेलांटीत कुठे अडतो? हातच्याची वजाबाकी काड्यांशिवाय जमते का?' असं नेमकं विचारा. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल किंवा हाक मारल्यावर पुन्हा पुन्हा 'काय?' म्हणत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दुसरी संपत आली, काही महिने नियमित बसलात, तरीही साधे शब्द जुळत नसतील, तर शिकवणी लावायच्या आधी वर्गशिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. जाताना मुलाच्या वह्या बरोबर न्या.