५ डिसेंबरला कॅप्टन सलारियांची आठवण कशी करायची

नुसता फोटो फॉरवर्ड करून काय होतंय, शाळेत नाहीतर सोसायटीत दहा मिनिटं काढा. आधी आफ्रिकेचा नकाशा लावा, त्यात काँगोमधलं लुबुम्बाशी दाखवा, तेव्हा त्याला एलिझाबेथव्हिल म्हणायचे, कारण आपलं सैन्य युनोच्या शांतिसेनेत तिकडे गेलं होतं हेच कित्येकांना माहीत नसतं. मग गोष्ट सांगा, पण सावकाश. ५ डिसेंबर १९६१, काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताच्या सैनिकांनी रस्ता अडवलेला, कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांकडे मोजून १६ गोरखे आणि समोर नव्वदएक जण, तरी हे थेट खुकऱ्या घेऊन भिडले, मानेत गोळी लागली तरी रक्त जाऊन कोसळेपर्यंत लढत राहिले. वय २६. मरणोत्तर परमवीर चक्र. एवढंच पुरतं, वर डायलॉगबाजी आणि डीजे नको प्लीज. हां, परमवीर मिळालेले ते एनडीएचे पहिलेच, म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या, हे सांगितलं की पुण्याची पोरं लगेच कान टवकारतात. दिल्लीला गेलात तर नॅशनल वॉर मेमोरियलमध्ये परम योद्धा स्थळावर त्यांचा पुतळा आहे, एंट्री फ्री आहे, पोरांना नक्की न्या.