रिचार्ज मारण्याआधी पॅकचा हिशेब

पॅकची किंमत नंतर बघा, आधी दिवस बघा. २८ दिवसांचा पॅक महिन्याचा वाटतो, पण त्याने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. दाखल्यापुरते आकडे घेऊ: २९९ रुपयांत २८ दिवस म्हणजे रोजचे १०.६८ रुपये. ८५९ रुपयांत ८४ दिवस म्हणजे १०.२३. वर्षाकाठी फरक जेमतेम १६५ रुपयांचा. तेवढ्यासाठी तीन महिन्यांचे पैसे एकदम अडकवायचे का, हे तुमच्या वाडीतली रेंज ठरवते. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या २०२२ च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा असे पॅक ठेवावे लागतात. दुकानदार ते आपणहून सांगेलच असे नाही, विचारून घ्या.

मग डेटा. ‘रोज २ जीबी’ म्हणजे कागदावर ५६ जीबी, पण रात्री बाराला उरलेला कोटा बुडतो. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा मोबाइल डेटा बघा. घरी वायफाय असेल तर तो आकडा बहुतेक वेळा आठ-दहा जीबीच्या आत निघतो. अशांनी रोजच्या कोट्याऐवजी एकरकमी डेटाचा पॅक घ्यावा, तो पुरवून वापरता येतो. रोजचा कोटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ एमबीचा फोटो जायला दोन मिनिटे लागतात आणि यूपीआयचे चाक फिरतच राहते.

सोबत ‘मोफत’ मिळणाऱ्या ओटीटीची खरी किंमत काढणे सोपे आहे. तेवढ्याच दिवसांचा, तेवढ्याच डेटाचा, पण ओटीटी नसलेला पॅक शोधा आणि वजाबाकी करा. येईल तो आकडा वेगळा मोजून द्याल का? शिवाय ते फक्त मोबाइलवर चालते की टीव्हीवरही, किती दिवस चालते आणि वेगळे चालू करावे लागते का, हे बारीक अक्षरांत असते. ‘अमर्याद ५जी’चेही तसेच. ५जी फोन असला तरी टॉवर ४जीचाच असेल, तर रोजचा कोटाच खर्ची पडतो.

कोकणात पॅकपेक्षा टॉवर मोठा. चिऱ्याच्या जाड भिंती रेंज खातात, आणि डोंगराआडच्या वाडीत एका कंपनीची रेंज खळ्यात मिळते तर दुसरीची फक्त सड्यावर. म्हणून शेजाऱ्याचे सिम घालून माजघरात, पडवीत आणि खळ्यात कॉल लावून बघा. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान व्हिडिओही चालवा. कांड्या भरलेल्या दिसल्या तरी टॉवरवर गर्दी असली की नेट रांगते. गणपतीत चाकरमानी आले की हे हमखास होते. पावसाळ्यात लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ टिकतो, हे गावात विचारा. त्याचे उत्तर कुठल्याच जाहिरातीत नसते.

आजीच्या बटणांच्या फोनला डेटा कशाला? ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनुसार फक्त कॉल आणि मेसेजचा किमान एक पॅक ठेवणे बंधनकारक आहे आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. अ‍ॅपमध्ये तो पहिल्या पानावर क्वचितच दिसतो, खाली शोधावा लागतो. स्वस्तातला पॅक घेताना मेसेज आहेत ना, तेही बघा: यूपीआय नव्या फोनवर चालू करताना तुमच्या सिमवरून एक मेसेज बाहेर जातो. तो गेला नाही तर नोंदणी अडते.

दुसरे सिम नुसते जपायचे असेल तर मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये ठेवा. ९० दिवस वापर नसला तरी २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो. मात्र मुदत संपलेल्या सिमवर कॉल येतील या भरवशावर राहू नका.

कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. एरवी तीन कामकाजाचे दिवस लागतात. मुंबईत घेतलेला नंबर रत्नागिरीत पोर्ट करताना मात्र सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, बदलते, म्हणून पाच धरा. जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि बॅलन्स बुडतात, त्यामुळे पॅक संपत आला की शेवटच्या आठवड्यात अर्ज करा.