ग्रामपंचायतीत आलेली फायबर घराघरांत न्यायची कशी

आधी ग्रामपंचायतीतलं भारतनेटचं (ग्रामपंचायतींना इंटरनेट पोहोचवणाऱ्या केंद्राच्या योजनेचं) कपाट उघडा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: आलेल्या केबलमध्ये फायबर (प्रकाश वाहणारे काचेचे तंतू) किती, त्यातल्या मोकळ्या किती, आणि दुसरं टोक तालुक्याच्या कोणत्या एक्स्चेंजात जातं. हे हाती नसताना अंदाजपत्रकाला बसू नका. महाराष्ट्रात काही ठिकाणची केबल पहिल्या टप्प्यात केंद्राने टाकली, काही ठिकाणची दुसऱ्या टप्प्यात महानेट या राज्याच्या यंत्रणेने. केबल कोणाची, यावरच दुरुस्तीची तक्रार आणि मोकळ्या फायबरचा अर्ज कुठे द्यायचा हे ठरतं.

आता पैसा. मुख्य जाळ्याचा खर्च गावाने उचलायचा नाही. तो केंद्राच्या डिजिटल भारत निधीतून होतो, आणि या निधीत दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे 5 टक्के भरतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडणीत घ्यायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांना मात्र मागणीनुसार जोडणी आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द फार महत्त्वाचा. जे गाव मागणार नाही, ते मागे पडेल. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याला शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि जोडणी हवी असलेल्या घरांची यादी जोडा.

गावातला शेवटचा टप्पा, म्हणजे पंचायतीपासून घरापर्यंतची केबल, पंचायतीच्या आराखड्यात बसवताना एक चूक हमखास होते. 15व्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित राहिला. त्यातून केबल घेतली की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. अबंधित निधीतूनही पगार देता येत नाही, त्यामुळे लाईनमनचा मोबदला मासिक वर्गणीतूनच निघायला हवा. आमचं मत असं: पंचायतीने स्प्लिटरच्या (एका फायबरमधला प्रकाश अनेक फायबरांत वाटणाऱ्या भागाच्या) पेट्या आणि सार्वजनिक इमारतींची जोडणी करावी, घरातल्या उपकरणाचा खर्च ग्राहकाने किंवा सेवा देणाऱ्याने करावा. पंचायतीने स्वतः इंटरनेट विकायला जाऊ नये, त्याला दूरसंचार खात्याची परवानगी लागते. परवानाधारक कंपनीशी करार केलेला गावातला केबलवाला किंवा भारतनेट उद्यमी (गावात जोडण्या देणारा योजनेचा स्थानिक भागीदार) हा सरळ मार्ग.

आराखड्यातला कळीचा भाग म्हणजे प्रकाशाचा हिशेब. एक्स्चेंजमधल्या ओएलटीपासून (फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या मुख्य यंत्रापासून) घरातल्या मोडेमपर्यंत प्रकाश वाटेत कमी होतो; ही घट डेसिबलमध्ये मोजतात. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना 28 डेसिबल घट चालते. त्यातले 3 डेसिबल पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवा आणि 25 मध्ये गणित बसवा. समजा अंतर 6 किलोमीटर आहे. किलोमीटरला 0.35 धरून 2.1 झाले. आधी 1:4 (एकाचे चार करणारा) आणि पुढे 1:8 असे स्प्लिटर लावले तर 7 आणि 10.5, म्हणजे 17.5. सहा जोड प्रत्येकी 0.1 चे, 0.6. चार कनेक्टर प्रत्येकी 0.5 चे, 2. एकूण 22.2 डेसिबल. ओएलटी 3 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) सोडत असेल तर घरात उणे 19 च्या आसपास मोजमाप यायला हवं. उणे 25 च्या खाली गेलं की जोडणी तशीच सोडून देऊ नका. उणे 27 ला मोडेमची ताकद संपते आणि ‘रात्री नेट जातं’ अशा तक्रारी सुरू होतात.

या रचनेत एक 1:4 आणि चार 1:8 स्प्लिटरमधून 32 जोडण्या मिळतात. घरांना 28 द्या आणि 4 शाळा, उपकेंद्रासाठी राखा. स्प्लिटरपासून घरापर्यंतची ड्रॉप केबल प्रत्येकी सरासरी 80 मीटर धरली तर 2,560 मीटर लागेल. 10 टक्के वाढवून 1 किलोमीटरचे तीन ड्रम मागवा. स्प्लिटरला वीज लागत नाही, हा मोठा फायदा. पंचायतीतच ओएलटी बसवायची वेळ आली तर बॅटरीचा खर्च धरा: 60 वॅटच्या भाराला 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी, निम्मीच वापरायची म्हटली तर कागदावर 15 तास, घट धरून 12 तासांच्या आसपास पुरते.

हिरवा कनेक्टर हिरव्यालाच लावा. हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांना जोडले की मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. जोडण्यापूर्वी प्रत्येक टोक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कपड्याने पुसा. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळा जातो. भिंतीच्या कोपऱ्यावर केबल काटकोनात मोडू नका, वळणाची त्रिज्या 3 सेंटिमीटरपेक्षा कमी नको.

भारतनेटची मूळ केबल 1.65 मीटर खोल टाकायची असते. खडकात ठेकेदार ती वर घेतो, आणि पुढे नळपाण्याच्या पाइपसाठी जेसीबी आला की तिथेच तुटते. म्हणून पाणीपुरवठ्याचं काम सुरू होण्याआधी ठेकेदाराला मार्ग दाखवा. खांबांवरून नेलेल्या केबलचा धोका वेगळा: उसाचा फड किंवा पाचट पेटवलं की वरची केबल वितळते. फडाच्या बांधावरून मार्ग घेऊ नका.

बत्तीसही घरं एकाच वेळी बंद पडली आणि प्रकाश मात्र येत असेल, तर एखादं बिघडलेलं मोडेम आपली वेळ सोडून सतत प्रकाश पाठवत असू शकतं. स्प्लिटरवर एकेक तार काढत जा. जी तार काढल्यावर बाकीची घरं सुरू होतील, तिच्यावरचं मोडेम दोषी.

तुटलेली जागा शोधताना ओटीडीआर यंत्र (प्रकाश सोडून तुटीपर्यंतचं अंतर मोजणारं) समजा 2,340 मीटर दाखवेल, पण ती फायबरची लांबी आहे, रस्त्याची नाही. वाटेतल्या प्रत्येक चेंबरमध्ये (केबलच्या जमिनीतल्या खड्ड्यात) जादा केबलची 10 मीटरची गुंडाळी असेल आणि असे पाच चेंबर असतील, तर रस्त्यावर 2,290 मीटरला खणा. हे जमायला टाकताना लिहिलेला नकाशा लागतो: चेंबर कुठे, गुंडाळी किती, जोड कोणत्या खांबापाशी. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, दुसरी लाईनमनकडे द्या.