रिॲक्ट नेटिव्ह डिरेक्टरीत लायब्ररी नोंदवताना

रिॲक्ट नेटिव्ह या मोबाइल ॲप बनवण्याच्या साधनासाठीच्या लायब्रऱ्यांची (तयार कोडच्या संचांची) यादी म्हणजे रिॲक्ट नेटिव्ह डिरेक्टरी. तुम्ही वापरत असलेली चांगली लायब्ररी तिथे सापडली नाही, तर ती तुम्हीच घाला. लेखकाची वाट बघू नका. आधी नाव शोधून खात्री करा. मग कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरची डिरेक्टरीची रेपो (कोडचा साठा) फोर्क करा, म्हणजे तिची स्वतःची प्रत घ्या, आणि लायब्रऱ्यांची जेसन फाइल (ठरावीक मांडणीतली माहितीची फाइल) उघडा. नवी नोंद अगदी शेवटी घालायची, अकारविल्हे नाही. लायब्ररीचा गिटहबवरचा पूर्ण पत्ता हवाच. एनपीएमवरचं (लायब्रऱ्या जिथून डाउनलोड होतात तिथलं) नाव रेपोपेक्षा वेगळं असेल तर तेही लिहा. स्टार, डाउनलोड यांचे आकडे भरू नका, ते आपोआप येतात.

माझी पहिली नोंद तपासणीतच अडकली. रात्री अर्धा तास डोळे फोडल्यावर कळलं: आधीच्या नोंदीच्या महिरपी कंसानंतर स्वल्पविराम द्यायचा राहिला होता. तो नक्की बघा.

प्लॅटफॉर्मच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. आयओएस, अँड्रॉइड यांपैकी जे खरंच चालतं तेवढ्यालाच 'ट्रू' लिहा; चालत नाही ती ओळच गाळा. मी लायब्ररीचं एक्झाम्पल ॲप (नमुन्याचं ॲप) स्वतःच्या फोनवर चालवल्याशिवाय अँड्रॉइडची ओळ लिहीत नाही. त्या एका शब्दावर विसंबून कोणीतरी आपलं ॲप उभं करणार असतं.

शेवटी पुल रिक्वेस्टमध्ये (तुमचा बदल मूळ रेपोत घेण्याच्या विनंतीत) लायब्ररी काय करते ते दोन ओळींत सांगा.